गव्हाच्या कोठीवरचे स्पीकर

२ नोव्हेंबर, रविवार

वरच्या मजल्यावर मेजर भूषण राहायला आले. मूळचे साताऱ्याचे. पोस्टिंग बबीनाच्या छावणीत, क्वार्टर मिळेपर्यंत इथे झाशीत. सामान चढताना सहज पाहिलं. दोन खोकी माणसाएवढी उंच. मला वाटलं कपाटं. निघाले टॉवर स्पीकर.

मी कुणाचा हेवा करत नाही. आजच लिहून ठेवतो.

मेजर मला काका म्हणाला. मी बावन्न वर्षांचा. बकुळला वहिनी म्हणाला. काकांच्या बायकोला वहिनी कसं म्हणतात, हे त्यालाच विचारायला हवं.

४ नोव्हेंबर, मंगळवार. संध्याकाळी ६.३०

वर गाणं चालू. बास फुगलेला आहे. महागड्या स्पीकरांचा हा नेहमीचा रोग.

६.५५. जिन्यात उभं राहून नीट ऐकलं. बास फुगलेला नाही. पण पुढे फुगेल.

९ नोव्हेंबर, रविवार

१०.००. कमलाकर आला नाही. वीस वर्षं दर रविवारी दहाला तो येतो आणि आम्ही माझ्या बुकशेल्फ स्पीकरवर गाणी ऐकतो. इलाइट चौराह्यावरून मी ते रिक्षात मांडीवर घेऊन आणले होते, लहान बाळासारखे. झाशीच्या आपल्या मराठी मंडळींत कान कुणाला आहे विचाराल तर लोक माझंच नाव घेतात. निदान कमलाकर घेतो.

१०.२०. कमलाकरची स्कूटर खाली उभी.

१०.२५. वरून त्याचं 'वाह भैया, वाह!'

११.४०. आला. म्हणाला, "दादा, डोळे मिटले की बाई समोर बसून गातेय. दोन ओळींच्या मध्ये श्वास घेते ना, तोसुद्धा कळतो." मी म्हटलं, श्वासच ऐकायचा तर इस्पितळात जा. तो हसला नाही. आज आपल्याकडे काही ऐकायचं का, असंही विचारलं नाही. चहा पिऊन गेला.

बकुळ मेजरकडे दही द्यायला गेली होती. दह्याला सव्वा तास लागला. परत आल्यावर पोळ्या करताना गुणगुणत होती. माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दोष सापडला. फरक फक्त उंचीचा आहे. ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाची वरची वाटी, कानाच्या रेषेत हवा. गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या बैठकीत आणल्या, वर एकेक स्पीकर. टॉवर तयार. बाहेरून आणायची गरजच नव्हती.

चारुता कॉलेजातून आली आणि म्हणाली, "पापा, ये टॉवर नहीं, राशन की दुकान है." या मुलीला मराठी सगळं कळतं, पण बापाला टोमणा हिंदीतच मारते.

आवाजात घुमारा आलाय. भरलेल्या कोठीचा भारदस्त, अर्ध्या कोठीचा जरा मोकळा. याला स्टिरिओ म्हणतात.

बकुळला विचारलं, कसं वाटतं? म्हणाली, दळणाला गहू कधी काढता येतील?

१५ नोव्हेंबर, शनिवार

योजना पक्की. उद्या त्या टॉवरांची परीक्षा. त्यासाठी मला मुखपाठ असलेलं रेकॉर्डिंग हवं. ते माझ्याकडेच आहे.

लग्नानंतरच्या वर्षी बकुळ आमच्या गणपतीत गायली होती. पहिल्यांदा आणि शेवटचं. मी स्वतः पहिल्या रांगेत माइक हातात धरून टेप केलं. पुढे तिने गाणं सोडलं. घसा नाजूक. मी आग्रह केला नाही. बायकोवर जबरदस्ती न करणारे नवरे थोडे असतात.

कॅसेट चारुताने मोबाइलवर घेतली आहे. मध्ये गर्दीची जराशी कुजबुज येते, तो टेपचा दोष. बाकी स्वर न् स्वर मला माहीत. टॉवर कुठे चुकतात ते सगळ्यांदेखत दाखवतो. कमलाकरचे डोळे उघडतील. ते त्याने मिटूनच घेतलेत.

बकुळ म्हणाली, ती टेप राहू द्या. लाजते. मी म्हटलं, ऐकू दे की लोकांना.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १

झालं ते असं.

मेजरने मला मधल्या खुर्चीत बसवलं. ती मानाची जागा. बकुळ दाराशी. गाणं सुरू झालं आणि मी दोष शोधायला विसरलो. तेवीस वर्षांची बकुळ समोर बसली होती. ओळीआधी घेतलेला श्वास. बांगडी मांडीवर टेकली तो आवाज. मी तिथेच होतो त्या दिवशी, पण हे काही ऐकलं नव्हतं.

मग ती कुजबुज आली. डाव्या बाजूने, अगदी कानाशी.

मेजर म्हणाला, "थांबा थांबा, कुणीतरी बोलतंय! काय डिटेल आहे पाहा काका!" आणि मागे घेऊन पुन्हा लावलं. मोठ्याने.

"अरे कमलाकर, सुर में कहाँ है? लोग तो संकोच के मारे बैठे हैं, भैया. मुझे गाने बुलाते तो बात थी."

आवाज माझा. माइक माझ्याच हातात होता. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. कमलाकर टॉवरची वायर निरखू लागला. बकुळ म्हणाली, कुकर लावायचाय. गेली.

दुपारी ४. त्या काळच्या टेपमध्ये असे आवाज मिसळतात. तांत्रिक कारण असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

तांत्रिक कारण नाही.

बकुळला म्हटलं, या टॉवरांनी घोटाळा केला, नाहीतर ते कधी ऐकू आलंच नसतं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला तर आपल्या घरच्या स्पीकरवरसुद्धा स्वच्छ ऐकू यायचं. पहिल्या दिवसापासून."

माझ्या स्पीकरांना वीस वर्षांत कुणी स्वच्छ म्हटलं नव्हतं.

घशाचं विचारलं. म्हणाली, घशाला काय झालंय?

२३ नोव्हेंबर, रविवार

९.३०. स्पीकर कोठ्यांवरून उतरवले. गहू काढून चक्कीवर देऊन आलो. कुणी सांगितलं नव्हतं.

१०.००. बकुळ वर गेली. दही वगैरे काही नेलं नाही. मला 'या' म्हणाली नाही, 'येऊ नका' असंही म्हणाली नाही. कमलाकरची स्कूटर खाली आहे.

१०.१५. वरून गाणं. टॉवर नाहीत. मध्येच थांबली, खाकरली, पुन्हा पहिल्या ओळीपासून. स्पीकर असं करत नाहीत.

१०.४०. जिन्यात बसलोय. इथून शब्द कळत नाहीत.

सुरात आहे. शेजारी वळून कमलाकरला सांगणार होतो. तो वर आहे.