चौथं पान

पिनर
१४ नोव्हेंबर २०२५

ती. सुलक्षणावन्सं,

साष्टांग नमस्कार. लेस्टरच्या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? मी बरी आहे.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी कणीक मळून ठेवली होती, डबे धुऊन पालथे घातले होते आणि मी मेथी निवडत बसले होते. वर स्टडीत हे माझ्यासाठी गोष्ट छापत होते. रोजचंच. जुन्या दिवाळी अंकातली एक गोष्ट, मोठ्या अक्षरांत. स्क्रीनवर माझ्या डोळ्यांना पाणी येतं. शाळा चौथीत सुटली, वाचायला मी माझी मी शिकले. कागदावर बोट ठेवल्याशिवाय मला ओळ सापडत नाही. तुम्ही त्याला हसायचात.

मागच्या आठवड्यात फोनवर म्हणालात, "मीनाक्षी, आता एकटीला प्रिंटर कशाला? इतकं वाचून कुणाचं भलं झालंय?" पुष्करचंही ब्रिस्टलहून तेच. "आई, टॅबलेट दिलाय ना? ती स्टडी म्हणजे नुसतं क्लटर आहे, रिकामी करू." मी दोघांपुढे गप्प बसले. म्हणजे मला पटलं, असं समजू नका.

शनिवारी टेपने बुटांच्या कपाटाची वरची फळी मोजली आणि दुकानात गेले. तिथला माणूस रंगीत प्रिंटरच दाखवत सुटला. मी म्हटलं, "मला पत्रिका छापायच्या नाहीत. काळी अक्षरं हवीत." मग त्याने लेझर दाखवला. लहानसा, फळीवर मावणारा, शंभर पौंडांच्या आसपास. त्यात शाई नसते, पूड असते. महिनोन्‌महिने हात लावला नाही तरी वाळत नाही म्हणाला. मी पेनड्राइव्ह नेला होता. त्याला मराठी पान छापायला लावलं आणि चष्मा लावून एकेक मात्रा, एकेक अनुस्वार तपासला. तो म्हणाला, "यू आर व्हेरी थरो." म्हटलं, असायला हवं.

जुना प्रिंटर शाईचा होता. नऊ महिन्यांत त्याच्या आत उरलीसुरली शाईही वाळून बसली.

वन्सं, तेराव्याला तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, एवढ्या गारठ्यात त्याला बाहेर कुणी पाठवलं? मी सांगितलं, हे दूध आणायला गेले होते. घरात चार पिंट दूध होतं. त्या सकाळी तीन पानं नीट आली आणि चौथं कोरंच बाहेर पडलं. शाई संपली होती. हे म्हणाले, "उद्या आणतो गं." मी म्हटलं, "उद्या कशाला? गोष्ट अशी अर्धी टाकू नका." त्यांनी कोट घातला आणि गेले. बसस्टॉपवरच पडले.

मी पाठवलं. तुमच्या धाकट्या भावाला मी पाठवलं. तुम्हाला रागवायचं असेल तर रागवा, तो तुमचा हक्क आहे. पण वाचायची हौस म्हणजे माझा अपराध, हे मी कुणाकडूनही ऐकून घेणार नाही. ती हौस त्यांनीच वाढवली. स्टडी रिकामी होणार नाही. मी ब्रिस्टलला जाणार नाही.

प्रिंटर उद्या घरी येतोय. हे पत्र तोवर ठेवते.

१५ नोव्हेंबर

प्रिंटर आला. तुम्ही म्हणाला असता, नव्या यंत्राला हळदकुंकू लावायला सवाष्ण बोलवा. मी कुणाला बोलावलं नाही. माझ्या हाताने लावलं.

मग चौथं पान छापलं, आणि पुढची दोन. दोन प्रती काढल्या. एक तुमच्यासाठी सोबत घातली आहे. दुसरी खिडकीशी बसून, बोट ठेवून, शेवटपर्यंत वाचली.

तुमच्या उल्हासची,
मीनाक्षी