द्रौपदीबाईची बोटं

सातपाटी, मंगळवार, जानेवारी १९६६. दिवेलागण.

द्रौपदीबाईची बोटं डोळ्यांपुढून हलत नाहीत. सुकी मासळी विकणारी ही बाई गेल्या महिन्यात छातीत गाठ लागते म्हणून आली होती. मी दवाखान्यात तपासलं, "काही नाही" म्हटलं आणि घरी पाठवलं. स्तनांच्या गाठींवरच्या माझ्या संशोधनाच्या वहीत माझ्याच अक्षरात आहे: गाठ नाही.

आज परत आली. माझा हात धरून म्हणाली, "दाबू नको बाय. आमी बोंबील बघतो तसं बघ. वरून सुका दिसतो, पन आत ओला हाय का ते बोट नुसतं फिरवलं की समजतं. डोळे मीट."

मिटले. खाऱ्या वाऱ्यात तिची बोटं माझी बोटं घेऊन सरकत राहिली, पाण्यावरून सरकावीत तशी. आणि तिथं, वाटाण्याएवढी. होतीच.

इतकी वर्षं मी डॉक्टरकीच्या मुलींना शिकवलं ते काय? दाबायला?

ऑपरेशनचं सांगितलं, तर तीच मला धीर देते, "घाबरू नको, लवकर गावली." महिना मी घालवला, हे तोंडातून निघालंच नाही.

उद्या माझ्या दोघी शिकाऊ डॉक्टरणींना तिच्या अंगणात नेणार, बोंबील चाचपायला. त्यांच्यादेखत आधी तिला सांगेन, तो महिना माझ्या चुकीनं गेला. मग डोळे मिटून बोंबलावर बोट फिरवेन.