बाण कुठून निघतो

छत्रपती संभाजीनगर,
५ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

घरचा फोन बाबांच्या खिशात असतो, म्हणून कागदावर लिहितेय. सेंद्रिय रसायनात मी पुन्हा नापास होईन असं वाटतंय. रेणूंची नावं आता जमतात. सगळ्यांत लांब साखळी धरायची, मग फांद्या कुठे फुटल्या ते सांगायचं. पण अभिक्रिया कशी घडते ते बाणांनी दाखवायचं असतं, तिथे घोळ होतो. ज्याच्याकडे इलेक्ट्रॉन जास्त, तिथून बाण काढायचा आणि ज्याला कमी, त्याच्याकडे न्यायचा. माझा हात दर वेळी उलटा जातो. गरजवंतच दुसऱ्याच्या दारी जातो ना? अठराला फेरपरीक्षा. या वेळी विषय राहिला तर बाबा वसतिगृहातून माझं गाठोडं न्यायला येणार आणि शेंद्र्याच्या कारखान्यात पॅकिंगला लावणार. तू त्यांना समजाव.

तुझ्या मायेची,
योगिनी

ता. कन्नड,
११ नोव्हेंबर

चि. योगिनीस म्हाळसाआजीचे लई लई आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं आन् मी पोस्टमनसमोरच मोठ्यानं वाचून दाखवलं. साक्षरता वर्गाचं सार्थक झालं बघ! मग ध्यानात आलं, तू गुपचूप लिहिलंयस. आसू दे, तो कुणाला सांगायचा नाय. माझी अक्षरं मेंढरांवानी पांगत्यात, तू हाकून वाच.

तुझ्या बापाशी, पुंडलिकाशी बोलले. तुला कुठं पाढे येत होते लेका, आसं म्हणलं तर ताटावरून उठला. निकाल वाईट लागला तर त्याच दिशी गाठोडं आणीन म्हणतो. लई हट्टी, बापावर गेलाय.

काल धोंडिबा पाटील आले होते. मका निघाली, वावर रिकामं पडलंय, खताला मेंढरं बसवा म्हणत होते. मागायला पाटील आले खरे, पण वावर थोडंच उठून आपल्या तळावर येतंय? मेंढरंच जात्यात. लेंडी आपल्याकडं, भूक त्याच्या मातीला. लंगडं कोकरू मात्र मी पाटीत घालून डोक्यावर नेलं, लाडावलंय मेलं.

जेवत जा. आजीवरची माया पातळ होऊ देऊ नको.

म्हाळसाबाई

छत्रपती संभाजीनगर,
१८ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

पेपरात इथीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड आलं. हात परत उलटा निघाला होता, तेवढ्यात धोंडिबा पाटलांचं वावर आठवलं. इथीनचा दुहेरी बंध म्हणजे आपला कळप, हायड्रोजन म्हणजे भुकेली माती. मागणारा कुणी का असेना, हलतात मेंढरंच. बाण कळपापासून काढला. पण शेवटचा प्रश्न अर्धा असतानाच घंटा झाली. काठावर आहे गं. निकालापर्यंत बाबांना काही बोलू नकोस.

योगिनी

ता. कन्नड,
२७ डिसेंबर

चि. योगिनीस पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पास झालीस! शेजारच्या रत्नमालेनं मोबाईलवर दाखवलं तवा मी लंगड्या कोकराचाच मुका घेतला.

पुंडलिकाला सांगितलं. उठला आन् रिकामी गोणी झटकली. म्हणलं, पास झाली तरी आणायला निघालास व्हय? मग बघते तर गोणीत बाजरी भरतोय, वर आपली नवी घोंगडी. मी इचारलं, तर म्हणतो, पोर तिकडं कुडकुडतीय, घोंगडी काय आपल्या पायानं जाईल का? तुझ्या बाणाचं मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं बघ.

कागद त्याच्याच खिशात देतेय. फाटकापाशी उभा राहील, बोलायचा नाय. तू गोणीला हात लाव.

तुझीच,
म्हाळसाआजी