कापून झाल्याशिवाय गॅस नाही

१४ ऑक्टोबर, रविवार, दुपार

चि. ठकूस,

आईचे आशीर्वाद, आणि आज सोबत थोडा रुबाबही. जावईबापूंना विचारलंय म्हणून सांग, छोटीचा पापा घे. मी बरी आहे. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईही बऱ्या आहेत. अक्षर पाहून घाबरू नकोस, त्याचं शेवटी सांगते. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

तर बातमी अशी, की आज मी तुझं ते चिकन केलं. शिकत असताना तू ज्या अमेरिकन-चायनीज हॉटेलात काम करायचीस, तिथलं. ब्रोकोली, गाजर, सिमला मिरची, सोया सॉस, सगळं घालून. एकटीने. हे वाक्य परत एकदा वाच.

मागच्या वेळी निघताना तू म्हणालीस, "आई, एका हाताने एक धड जेवण करून दाखव, मग एकटीने राहायचं बघू. नाहीतर महिनाअखेरीला मी न्यायला येतेय." तुला वाटलं असणार, ही अंडं उकडेल आणि मिरवेल. मी मुद्दाम तुझाच पदार्थ निवडला. त्यात एक सोय आहे. तूच सांगायचीस ना, तिथला आचारी ओरडायचा, सगळं कापून झाल्याशिवाय गॅस पेटवायचा नाही म्हणून? म्हणजे घाई काय ती गॅसवर. कापायला हवा तितका वेळ घ्या. दुखण्याने माझा उजवा हात नेला, पण वेळ भरपूर ठेवलाय.

आणि कापणं हा माझा धंदा आहे, बाई. कापड सरकू नये म्हणून मी ठेवते तो लोखंडी ठोकळा घासूनपुसून घेतला. चिकन अर्धवट गोठलेलंच घेतलं, सुरीखाली निसटत नाही. गाजराचा आधी एक काप काढून त्याला सपाट बूड केलं, वर ठोकळा ठेवला, आणि डाव्या हाताने कापत गेले. उजवा हात उचलत काही नाही, पण 'बस इथे दाबून' म्हटलं की बसतो. लसूण ठोकळ्यानेच ठेचला. मग फ्रॉकचे कापलेले भाग मांडते तसं सगळं वाट्यांतून ओळीने मांडलं. नर्सबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांना बजावलं होतं, "हात लावाल तर याद राखा."

फजिती कॉर्नफ्लॉवरने केली. मी सवयीप्रमाणे ते उकळत्या पाण्यात कालवलं. हातांनी जन्मभर कपड्यांना खळच केली आहे, त्यांना दुसरं काय सुचणार. वाटीत असा गोळा झाला की त्यात चमचा ताठ उभा राहिला. नर्सबाई म्हणाल्या, "हे चिकनला लावायचंय की कॉलरला?" मला इतकं हसू आलं की खाली बसावं लागलं. मग आठवलं, तू गार पाण्यात कालवतेस. दुसऱ्यांदा गार पाणी घेतलं.

मग गॅस मोठा केला. ती जड कढई घेतली, जिला तू रणगाडा म्हणतेस. ती स्वतःच्या वजनाने जागची हलत नाही, धरावी लागत नाही. आधी चिकन परतून बाजूला काढलं. मग आलं-लसूण, गाजर, ब्रोकोली, शेवटी सिमला मिरची. चिकन परत आत, सॉस, कॉर्नफ्लॉवरचं पाणी, आणि बघता बघता सगळ्यावर अशी चकाकी चढली की मी गॅस बंद करून नुसती बघत राहिले. ठकू, मला रडू आलं. दुखण्यानंतर मी हॉस्पिटलातसुद्धा रडले नव्हते.

नर्सबाईंनी चव घेतली. मी म्हटलं, "मीठ?" त्या म्हणाल्या, "मी साक्षीदार आहे. पण दुसऱ्यांदा वाढलंत तरच साक्ष देईन." गाजर जरासं कच्चं राहिलं होतं. तुला म्हणून सांगते, त्यांना कळलं नाही.

आता जे लिहायचं मी दोन पानं टाळतेय ते. गुरुवारी माझं शिलाई मशीन विकत घ्यायला तू पाठवलेला तो माणूस आला होता. मी त्याला चहा दिला आणि मशीन दिलं नाही. रागावू नकोस. तुझ्या घरात मला खोली आहे, खिडकी आहे, जावईबापू मला आई म्हणतात, सगळं खरं. पण तिथे मी दिवसभर खुर्चीत बसून तुम्हा सगळ्यांच्या कामाचे आवाज ऐकत राहीन. मला त्याची भीती वाटते. पडण्याची वाटत नाही इतकी.

मोटर बसवलेलं मशीन पायाने चालतं. डावा हात कापड सरकवतो, उजवा दाबून बसतो. मी उशीचा अभ्रा शिवून पाहिला. शिवण सरळ आली. खरं सांगायचं तर आधी वाकडी आली, उसवली, परत घातली, मग सरळ आली. उद्या, सोमवारी, शिलाईचं दुकान परत उघडतेय. काम हळू होईल, हे दारावरच लिहून लावलंय.

अक्षराचं राहिलं. दुखण्यापासून माझी पत्रं नर्सबाईंच्या हातची असायची, म्हणून ती इतकी सुवाच्य. हे मुंग्यांचे पाय माझ्या डाव्या हाताचे आहेत. सकाळी कापत होता तोच हात.

महिनाअखेरीला ठरल्याप्रमाणे ये. छोटीच्या फ्रॉकचं कापड आण. पण न्यायला येऊ नकोस, ठकू. जेवायला ये.

तुझी आई
(स्वतः, डाव्या हाताने)