मुका ड्रम उंबरा ओलांडत नाही

पनवेल,
२२ एप्रिल २०१२

प्रिय कुमारदादा,
सा. न.

दिवाळीपासून तुला पत्र नाही, क्षमा कर. सवड नव्हती असे लिहिणार होतो, पण सवड होती. (रोजनिशी मात्र मी रोज लिहितो. म्हणजे माझी खुशाली मलाच कळवत असतो.) तुझा खोकला कसा आहे? भोपाळच्या उन्हात वहिनींना दुपारी बाहेर पडू देऊ नकोस. इकडे तुझी आई, म्हणजे आमची काकी, ठणठणीत आहे. फोनवर काकांच्या ड्रमचा विषय निघाला की तू "आवाज तुटतोय" म्हणतोस, म्हणून सविस्तर लिहून कळवतो. मागणे काही नाही.

काकांचा गळ्यात अडकवायचा साईड ड्रम (बाहेरच्या जगात याला स्नेअर ड्रम म्हणतात, हे मला आत्ता कळले) विकायचे काकीनेच काढले. काका गेले, बँड मोडला, ड्रम माळ्यावर पडून राहिला. "इक, पन वाजवनाऱ्याला दे," ती म्हणाली. "कपाटान ठेवनाऱ्याला नको. त्याचा आवाज मना परत आयकायचाय." ही अट मला तेव्हा फारशी अवघड वाटली नाही.

ड्रमच्या आत विलायती कारखान्याची पट्टी निघाली. इंटरनेटवर अशा जुन्या ड्रमचे शौकीन एकमेकांना सल्ले देत बसलेले असतात. त्यांचे म्हणणे, पितळ कधी घासू नये, कारण काळपट झाक हीच त्याची किंमत. आपल्याकडे तो दर दसऱ्याला चिंचेने घासून, हळदकुंकू वाहून पुजलेला. मी तिथेच टाकलेल्या जाहिरातीत तसे लिहिले. कातडे मूळचे असेल तर भाव चढतो असे वाचले, म्हणून काकीला विचारले. "तीनदा बदलला. येक तं हलदीलाच फाटला," ती अभिमानाने म्हणाली. तेही लिहिले. कडेला हळदीचा पिवळा डाग आहे, तोही लिहिला. प्रत्येक दुरुस्तीनंतर चौकशा कमी होत गेल्या. शेवटी आमच्या स्नेहलने विचारले, "अहो, तुम्ही ड्रम विकताय की त्याच्यावर आरोपपत्र ठेवताय?"

ड्रम खरोखर बँडमध्ये वाजलेला आहे याचा पुरावा म्हणून मी काकांचा लाल कोटातला फोटो आणि माझा फोन नंबर टाकला. लग्नसराई तोंडावर आली आहे, हे ध्यानात आले नाही. उरणपासून सुकापूरपर्यंतच्या लोकांनी ती जाहिरात काकांचा, म्हणजे काशीरामचा, बँड पुन्हा सुरू झाल्याची बातमी म्हणून वाचली. करंजाहून एका बाईंनी विचारले, "मे महिन्यान मोकले हाव का?" काका वारले, बँड बंद आहे, फक्त ड्रम विकायचा आहे, असे मी प्रत्येकाला सांगत होतो. बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली आणि मग तारीख विचारली. नेऱ्याचे बळीराम तर म्हणाले, "वाजवनारा गेला, पन ड्रम तं जिता हाय ना?" त्यांच्या हळदीला काका वाजवायला होते, आता त्यांच्या मुलीच्या, रोशनीच्या हळदीलाही तोच ड्रम हवा. मी "बघतो" म्हणालो. (असे म्हणणे म्हणजे होकार नव्हे, असे माझे अजूनही मत आहे.)

गेल्या रविवारी पुण्याचे एक संग्राहक सपत्नीक आले. हळदीचा डाग भिंगातून पाहून ते हरखले. वाजवता का, असे मी विचारले. "छे छे, काचेच्या कपाटात राहील." माझे मन खाऊ लागले, पण तोवर ड्रम चादरीत गुंडाळून झाला होता. तेवढ्यात काकी उंबऱ्यात येऊन बसली. आपली रीत तुला ठाऊक आहे. बँडचे वाद्य घराबाहेर पडते ते वाजत. मुके निघते ते फक्त त्याचा वाजवणारा गेला की. "येकदा मुका गेला त्यो पुरे," काकी म्हणाली.

"आजी, काठी लावू नका, कातडं फाटेल. हा आता वाजवायचा नाही, जपायचा," गृहस्थ काकुळतीला आले.

"बायकोला पन असाच जपतोस का रं, बोलू न देता?"

त्यांच्या पत्नी हसल्या. बराच वेळ हसत राहिल्या. गृहस्थ नमले आणि म्हणाले, बरे, एकदाच, अगदी हळू. घरात हात रिकामे असलेला मीच होतो, म्हणून मी वाजवला. कातडे टिकले. काकी म्हणाली, "ह्या वाजवना नाय. कुनी दार ठोकतंय असा वाटला." माझे वाजवणे धरले गेले नाही. ड्रम पुन्हा माळ्यावर गेला आणि पुण्याचे पाहुणे, जाणकार वाजवणारा मिळाल्यास कळवा, असे सांगून गेले.

दोघांत कोणाचे बरोबर, याचा मी अजून विचार करतो आहे. वस्तू जपणे हा काही गुन्हा नाही. पण जाहिरातीत मी डागसुद्धा लिहिला आणि काकीची अट तेवढी लिहिली नाही, हे कसे झाले?

वहिनींना नमस्कार.

तुझा,
आनंदा

ता. क. : मागणे काही नाही असे वर लिहिले आहे, ते तपासून पाहता खरे नाही. काकांच्या मागे तो ड्रम तुझ्याच हाताला बोलतो. दोन दिवसांची रजा काढून ये आणि उंबऱ्यात वाजव, म्हणजे तो रीतीने पुण्याला जाईल.

आणखी ता. क. : पत्र काकीला वाचून दाखवले, तेव्हा कळले की तिने बळीरामांकडून हळदीची सुपारी घेऊन ठेवली आहे. "माझा कुमार येतोय," असे सांगून. हळद ६ मेची. हे कुमारदादाला विचारायचे की कळवायचे, असे मी विचारले. "कलव," म्हणाली. तेव्हा रजा चार दिवसांची काढ. पुण्याच्या बाईंनाही तिने हळदीला बोलावले आहे. त्यांच्या यजमानांचे नाव काढले नाही. विक्रीचेही नाही.

उद्याचे काम : जाहिरातीतले 'सध्या वापरात नाही' हे शब्द खोडणे.