अर्धा पोर्तुगीज

५ जानेवारी
रोजनिशी एक तारखेलाच सुरू करणार होतो. पण घरातलं पेन बरं नव्हतं. पेन आणायला निघालो तर कोपऱ्यावर मित्र नवी बाइक घेऊन उभा. चार दिवस त्यातच गेले. आजपासून रोज एक पान, खाडा नाही.

उद्देश: पोर्तुगीज पासपोर्ट. माझं नाक घरात कुणासारखंच नाही, हे मी लहानपणापासून बघतोय. आणि रक्तात समुद्र असल्याशिवाय माणूस तीन नोकऱ्या सोडत नाही. डीएनए टेस्टचं किट मागवलं. एकावर एक फुकट.

ताई-भावोजींच्या वरच्या खोलीत राहतो. खाली भावोजींचं आरशांचं दुकान. ते आज म्हणाले, एक एप्रिलपासून काच कापायला उभा राहा, नाहीतर खोली भाड्यानं देतो. एप्रिलमध्ये मी कुठे असेन याची त्यांना कल्पना नाही.

१४ जानेवारी
मधलं राहिलं. लिहिण्यासारखं फार होतं म्हणूनच.

किट आलं. नळीत थुंकायचं असतं. फुकटची नळी भावोजींना दिली. त्यांचे वडील बोटीवर मेकॅनिक होते. भावोजी जन्मायच्या आधी बोट सुटली, ते परत आलेच नाहीत. थुंकून झाल्यावर म्हणाले, त्या बाजूचं कुणी सापडतंय का तेवढं बघ. आवाज नेहमीचा नव्हता. बघतो म्हटलं.

लेबलं लावणार तेवढ्यात खाली बाइकवाल्याचा हॉर्न. परत आलो तर ओट्यावर दोन्ही नळ्या दिसायला सारख्या. पण माणसाला आपली थुंकी ओळखू येते. लेबलं चिकटवून कुरिअर केलं.

२० फेब्रुवारी
निकाल आला. मी ४९ टक्के पोर्तुगीज.

भावोजी शून्य. त्यांना त्यांचं पान उघडून दिलं. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. ठीक आहे म्हणाले आणि खाली जाऊन काच कापायला लागले. जेवायला वर आले नाहीत. एकेकाचं रक्त, आपण काय करणार.

कंपनीचा कारभार मात्र ढिसाळ. माझ्या मामेभावानं गेल्या वर्षी टेस्ट केली होती. तो माझ्या नातेवाइकांच्या यादीत नाहीच, भावोजींच्या यादीत सगळ्यात वर. कडक शब्दांत मेल पाठवला.

२१ फेब्रुवारी
ताई म्हणाली, अर्धा पोर्तुगीज म्हणजे आईकडून किंवा बाबांकडून पूर्ण. आळ नक्की कुणावर घेतोयस ते ठरव, मग गावभर सांग. हा मुद्दा मनात आला नव्हता. आईला फोन करून अगदी सहज विचारलं, लग्नाच्या सुमारास ओळखीत कुणी खलाशी वगैरे. आईनं फोन ठेवला.

२३ फेब्रुवारी
आई फोन घेत नाही. बाबांनी घेतला. पणजोबांचं विचारलं. म्हणाले, विहिरी खणायचे. म्हणजे पाण्याची ओढ होतीच, जागा चुकली. हे बोलून दाखवल्यावर बाबांनीही फोन ठेवला. संशोधनाला घरून पाठिंबा शून्य.

३ मार्च
मोठी बातमी. यादीत पहिल्या नंबरवर पोर्तुगालची एक बाई. जवळचं नातं: सावत्र बहीण किंवा आत्या. मी आत्या धरली. तिचा मेसेजही आला, ॲपमधून भाषांतर केलं. तिचे वडील बोटीवर मेकॅनिक होते. आपल्या बंदरात वर्षभर अडकले होते, तिथं त्यांना एक मुलगा झाला, तोंड कधी बघितलं नाही. मरताना त्याचीच आठवण काढत होते. तो आता पन्नाशीला आला असेल, तू तोच का, असं विचारते.

मी सव्वीसचा. पण भाषांतरात आकडे इकडेतिकडे होतात. हो, मीच, असं कळवलं.

बाकी बोटीवर मेकॅनिक फार असावेत.

९ मार्च
तिकडच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी ऑनलाइन आहेत. अक्षर म्हणजे मुंगीचे पाय. तरी नेटानं बसलो. एक पूर्वज प्रत्येक पानावर तळाला सापडत गेला. पन्नास वर्षांत शेकडो मुलं. छाती भरून आली. संध्याकाळी कळलं, ती पाद्र्याची सही आहे.

मध्येच पोर्तुगीज गिटारचा एक व्हिडिओ लागला. मग बरेच लागले.

१२ मार्च
वकिलातीत गेलो. कारकून म्हणाला, आईवडिलांचे, आजोबांचे जन्मदाखले आणा, टेस्टचा कागद इथे चालत नाही. मी म्हटलं, दाखला खोटा निघू शकतो, थुंकी नाही. तो म्हणाला, पुढचे या.

१५ मार्च
आत्यानं फोटो मागितला. दुकानात मोठ्या आरशासमोर उभा राहून काढला, नाक नीट येईल असा. पाठवला. तिचं उत्तर: मागे आरशात दिसतोय तो माणूस कोण?

दुकानाचे मालक, तिकडे लक्ष देऊ नका, असं लिहिलं.

तिनं त्या मालकांचा जवळून फोटो मागितला. शक्य तर कान दिसतील असा. परदेशी लोकांची आवड. पाठवला. सोबत दुकानाचा पत्ता आणि माझ्या पासपोर्टचा विषयही घातला.

२८ मार्च
आत्याचं एक अक्षर नाही. रोज सकाळी ‘बों दिया’, म्हणजे त्यांचं सुप्रभात, पाठवतो. सख्ख्या रक्तानं असं करावं? कंपनीचंही उत्तर आलं: सॉफ्टवेअर बरोबर आहे, नळीवरचं लेबल तपासा. चूक कबूल करायची दानत नाही.

१ एप्रिल
काच कापायला उभा आहे. तात्पुरता. पहिला आरसा दोन इंच आखूड कापला. भावोजींनी तो बाजूला ठेवला आणि दुसरी काच पुढे केली. फेब्रुवारीपासून ते तसेही कमीच बोलतात. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

४ एप्रिल
दुकानाच्या मागच्या बाजूला बसून लिहितोय.

आत्ता टॅक्सीतून एक बाई उतरली. पांढरे केस, हातात बॅग. मी ओळखलं. केस सारखे केले, ‘बों दिया’ म्हणत पुढे झालो. तिनं बॅग माझ्या हातात दिली आणि मला ओलांडून आत गेली. भावोजी आरसा पुसत होते. ती त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिली. आरशात चार कान, चारही एकाच साच्यातले, वरून जरा दुमडलेले. भावोजींच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मग ते लहान मुलासारखे रडायला लागले.

ताई धावत खाली आली. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा आरशाकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. म्हणाली, आधी आईला फोन करून पाय धर. नंतर चहा टाक. माझी नणंद आलीय.