पेन्सिलीतली कुंडली

४ जानेवारी

नवी रोजनिशी, नवं गाव, नवी खोली. बदलीचा हुकूम आला तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, पण खोली पाहिल्यावर ते आपोआप सरळ झालं. तळमजल्यावर मागच्या बाजूला, भिंती कोरड्या, खिडकीला लागून टेबल आणि उजेड डाव्या हाताने येणारा. नकाशे काढणाऱ्या बाईला याहून जास्त काय हवं? पेनं, ब्लेड, पट्ट्या टेबलावर मांडल्या आणि घर लागलं.

वर घरमालकीण राहतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आता संध्याकाळी कुंडली शिकवतात. माझ्या बोटांवरची शाई पाहून त्यांनी काम विचारलं. मोजणी कार्यालयात जमिनीचे नकाशे शाईने पक्के करते म्हटल्यावर म्हणाल्या, मग वर येत जा, कुंडली म्हणजेही नकाशाच, फक्त आभाळाचा. मी लगेच नाव घातलं. इथे ओळखीचं कुणी नाही. भिंतींशी बोलण्यापेक्षा ग्रहांशी बोललेलं बरं.

प्रवेशाच्या अर्जावर जन्मवेळ हवी होती, म्हणून आईला फोन केला. पहाटे पाच वाजून दहा मिनिटं, उजाडायला तासभर होता, असं ती म्हणाली. तेव्हा सूर्याच्याही आधी यायची घाई, आणि आता ऑफिसला रोज उशीर, हेही ऐकवलं. अर्ज एका मुलीने घेतला. ती वर्गाचं हजेरीपुस्तक सांभाळते. कारण नसताना हसते, म्हणून वर्गात तिचं नाव हसरी.

९ जानेवारी

वर्गात आम्ही सात जण. माझ्या शेजारी निवृत्त मास्तर बसतात. ते म्हणाले, तीस वर्षं पोरांचं भविष्य बिघडवलं, आता वाचून तरी बघतो.

बाईंनी आज वर्गाचे नियम सांगितले. जिवंत माणसाची कुंडली पेन्सिलीने काढायची, कारण जन्मवेळ दोनचार मिनिटं इकडेतिकडे असू शकते, नंतर सुधारावी लागते. माणूस गेला की मगच त्याची कुंडली शाईने गिरवायची आणि लोखंडी कपाटात ठेवायची. नवशिक्यांनी कपाटातल्या कुंडल्यांवर हात बसवायचा. जिवंत माणसाची कुंडली बाईंना विचारल्याशिवाय काढायची नाही, आणि स्वतःची तर वर्षभर बघायचीसुद्धा नाही. माणूस आपल्यासाठी फार पटकन खोटं बोलतो, म्हणाल्या. शेवटचा नियम सांगताना मात्र त्यांनी खडू खाली ठेवला.

“ज्याने रेघ काढली त्यानेच ती खोडायची. दुसऱ्याच्या हाताने खोडलेली रेघ जात नाही.”

मास्तर पुटपुटले, शाळेतही हेच सांगायचो, कुणी ऐकलं नाही.

१७ जानेवारी

रवीवरून जन्मवेळ ओळखायला शिकलो. मला हे फार आवडलं. कुंडलीत बारा घरं. पहिलं घर म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला उगवत असलेली रास. रवी पहिल्या घरात असेल तर जन्म सूर्योदयाचा, दुसऱ्यात असेल तर उजाडायच्या जरा आधीचा, दहाव्यात असेल तर भर दुपारचा. बाईंनी कपाटातल्या पाच कुंडल्या दाखवल्या. मी मनात उत्तर जुळवेपर्यंत हसरीने पाचही वेळा सांगून टाकल्या, त्याही हसत.

नंतर बाईंनी तिची वही वर्गात फिरवली. अक्षर बघा, म्हणाल्या, असं अक्षर हवं. मी बघितलं. चांगलं आहे. पण गेली सोळा वर्षं मी अक्षरावरच जगते आहे, आणि माझी वही कुणी उघडूनही पाहिली नाही.

२४ जानेवारी

हसरी आज माझ्या शेजारी येऊन बसली, मास्तरांना उठवून. चौकशाच चौकशा. लहानपणी पायाला काही झालं होतं का? बाराव्या वर्षी शाळा बदलली का? आई कशा आहेत? दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, तर अशी खूश झाली की जणू तिनेच माझा पाय मोडला होता. मोठ्यांनी लहानांची विचारपूस करावी तसा सूर. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे ती. दातांच्या दवाखान्यात फोन उचलते. आणि बाई कपाटाची किल्ली तिच्याकडे देतात.

२९ जानेवारी

वर्ग सुटल्यावर वरच्या खिडक्या लावायचं काम बाईंनी मला दिलंय. किल्ली तिला, खिडक्या मला.

हसरीची वही फळीवर राहिली होती. आत एक जाड कागद, त्यावर पेन्सिलीने काढलेली कुंडली. नाव नाही, तारीख नाही. पण चौकटीला नक्षी केली होती, कोपऱ्यांत बारीक फुलं. बाईंना न विचारता इतक्या लाडाने माणूस कुणाची कुंडली काढील? स्वतःचीच. सगळे नियम आमच्यासाठी.

मी उभ्याउभ्या वाचली. पहिल्या घरात उच्चीचा गुरू. अकराव्यात, मित्रांच्या घरात, उच्चीचा चंद्र: जाईल तिथे माणसं जिवाला जीव देणार. दुसऱ्यात, वाणीच्या घरात, स्वतःच्या राशीतला रवी. तिसऱ्यात, हातांच्या घरात, उच्चीचा बुध: अक्षर मोत्यासारखं असणारच, त्यात तिचं काय कौतुक? अशी कुंडली मी कपाटातही पाहिली नाही. जन्मताना एकाच माणसाच्या ओंजळीत इतकं ओतायचं, आणि बाकीच्यांनी खिडक्या लावायच्या.

खाली आले तरी ती डोळ्यांसमोरून हलेना. आठवून कागदावर काढली. एकही ग्रह चुकला नाही.

५ फेब्रुवारी

आज केलं. लिहून ठेवते, म्हणजे छातीवरचं उतरेल.

बाईंनी हसरीला म्हटलं, पुढच्या वर्षी नवा वर्ग तू घे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. सगळे गेल्यावर खिडक्या लावल्या, वही उघडली आणि खिशातल्या पेनने बारावं घर गिरवलं. बारावं म्हणजे पावलं. तीन रेघा आणि आतला आकडा, एवढंच. मी नकाशातल्या नद्या गिरवते, माझा हात हलत नाही. शिवाय शाई ब्लेडने खरवडता येते. ऑफिसात रोज खरवडते. थट्टाच म्हणायची.

८ फेब्रुवारी

हसरीने वही उघडली, कागद पाहिला आणि तिचं हसू मावळलं. वर्गात एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिली. बाईंना सांगणार कसं? न विचारता काढलेली ना. मला इतकं बरं वाटलं की जिना उतरताना दोनदा घसरले.

पावलं गार पडलीत. फरशीचा दोष. जाड मोजे घालायला हवेत.

१२ फेब्रुवारी

अकरावं घर गिरवलं. चंद्र. माणसं.

आता ती वही दप्तरात ठेवते, पण दप्तर बाकावर टाकून बाईंना चहा द्यायला आत जाते. दोन मिनिटं पुरतात. तिचे डोळे सुजलेले असतात. तरी मास्तर तिलाच विचारतात, पोरी, काय झालं? माझे पाय घोट्यापर्यंत बधिर आहेत, मला कुणी विचारत नाही.

१४ फेब्रुवारी

आज हजेरीत माझं नाव आलं नाही. मी हात वर केला. बाईंची नजर फळा पुसावा तशी माझ्यावरून गेली. मास्तरांनी त्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, बाक रिकामा असावा तशी. ऑफिसातही शिपायाने माझं टेबल दुसऱ्याला दिलं, आणि मी समोर उभी असताना त्याला सांगितलं, ही जागा बरेच दिवस मोकळीच आहे.

हसरी तेवढी माझ्याकडे बघून मान हलवते. वर दया. तिची दया मला नको.

१५ फेब्रुवारी

दुसरं घर गिरवलं. बघू आता कशी फटाफट उत्तरं देते.

१६ फेब्रुवारी

घसा बसलाय. आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली, कोण बोलतंय, बोला की. मी तोंड उघडलं, आत हवासुद्धा हलली नाही.

हसरी मात्र बोलतेच आहे. वर्गभर.

मग तिचं मोडत कसं नाही? तिसरं घर राहिलंय. ते अक्षर.

१७ फेब्रुवारी

तिसरं गिरवलं. तिन्ही रेघा, आकडा, बुध. पेन उचललं तेव्हा बोटांत मुंग्या होत्या — थंडी असेल.

१८ फेब्रुवारी

शेवटच्या बाकावर बसले होते. कुणाला दिसले नाही. बाईंनी दहाव्या घरातल्या रवीचं उदाहरण विचारलं. हसरी म्हणाली:

“माझंच घ्या ना, बाई. बाराच्या ठोक्याला जन्मले. आईचं ताट वाढलेलं होतं. ती अजून म्हणते, पहिलाच घास मोडलास.”

सगळे हसले.

बारा वाजता. म्हणजे तिचा रवी दहाव्यात. त्या कागदावर रवी दुसऱ्यात आहे. दुसऱ्यात म्हणजे — उजाडायच्या आधी.

पाच वाजून दहा मिनिटं.

अर्ज तिने घेतला होता. पाय मोडला होता का, शाळा बदलली का — ती पडताळून बघत होती.

तो गुरू माझा. तो चंद्र माझा. ते तिसरं घर —

१९ फेब्रुवारी, सकाळ

ब्लेड बोटांत राहत नाही. तीनदा पडलं. पेन दोन्ही मुठींत धरून लिहिते आहे. अक्षर ओळखू येत नाही.

हसरी आली. कागद घेऊन. रडत होती. तुम्ही एकट्याएकट्या असायच्या म्हणून काढली, म्हणाली, नियम मोडून. वर्ष झालं की भेट देणार होते. इतकी सुंदर कुंडली मी पाहिली नाही, तुम्हाला दाखवायची होती. कुणीतरी शाई लावतंय. तुम्हाला कुणी ओळखत नाही, मीही चेहरा विसरते, पण कुंडली पाठ आहे म्हणून शोधत येते.

तिने ब्लेडने खरवडलं. कागद सोलला, रेघ तशीच.

१९, दुपार

तिला मार्ग सुचलाय. ज्याने गिरवलं त्याला शोधायचं, त्याचा हात धरून खरवडायचं. हात निर्जीव असला तरी चालेल, हात त्याचा हवा. कागद वर नेऊन बाईंना विचारलं तिने, तो त्यांच्याच टेबलावर राहिला. चालेल म्हणाल्या. फक्त कोण ते कळलं पाहिजे.

माझी बोटं पेनाभोवती आवळून धरली आहेत तिने. मनगटाला आधार दिला आहे. विचारते, कुणावर संशय आहे? एक शब्द लिहा. नुसता एक शब्द.

लिहिते. आधी एवढं कळू दे तुला — पहिल्या दिवसापासून बाई तुझ्याकडेच — माझं अक्षरही चांगलं होतं, सोळा वर्षं, कुणी वही — किल्ली तुला दिली, आणि मला —

वर लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. शाईतला कागद बाहेर राहू नये, बाईंची सवय —

लिहिते, थांब. तू हसायचीस ना, तेव्हा मला वाटायचं — मी वाईट नाही गं, नुसतं बघवत नव्ह — ती शाई

ती